भाजलेली माती

माझी बहीण आम्रपाली मंगळावरची माती ओळखते. तिथे कोणी गेलेलं नाही. मंगळाभोवती फिरणारं यान जमिनीवरून परतणारा प्रकाश वरूनच मोजतं आणि त्या प्रकाशावरून कुठे कोणतं खनिज आहे ते ती बंगळुरात बसून सांगते. आम्ही पालीजवळचे. आमची जांभ्याची लाल माती लाखो वर्षांच्या पावसाने झालेली. मंगळावरच्या एका जागेचा प्रकाश हुबेहूब आमच्या मातीसारखा निघाला. म्हणजे तिथेही कधीकाळी पाऊस पडला असणार, हा तिचा शोध. जुलैत तो मोठ्या परिषदेत जाहीर व्हायचा होता.

तुलनेसाठीची माती आमच्या वडिलांनी, आबांनी, गावाहून धाडली होती. तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. बाजारात बांगड्याचा भाव करतानाही ते मंगळ मध्ये आणायचे. मला कानकोंडं व्हायचं.

एप्रिलात ती घरी आली तेव्हा भाजावळ चालू होती. भाताची रोपं जिथे करायची, तिथे पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, म्हणजे तण मरतं. आम्ही जन्मापासून हे बघत आलोय, तीसुद्धा. विझलेल्या राखेखालची माती तिने सहज बोटाने उकरली आणि तिचा चेहराच उतरला. बांधावरची माती पिवळट तांबूस होती, ही गडद लाल.

"मला पाठवलेली माती कुठली?" तिने आबांना विचारलं.

"हितलीच," आबा म्हणाले. "गवत नको, मूळ नको, साफ पायजे म्हनालीस. भाजलेली म्हंजे एकदम साफ."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. ताईने त्यांना समजावलं की भाजल्यावर खनिजातलं पाणी जातं, आणि खनिजच बदलतं. म्हणजे मंगळावरची ती जागा भाजलेल्या मातीशी जुळली होती, पावसाने झालेल्या मातीशी नव्हे. पावसाचा पुरावाच गेला.

आबांनी आजूबाजूला पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बाय, नको सांगू कुनाला. तितक्या लांब बघायला कोन जातंय?"

माझ्या बापाला मी कधी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"मीच जाते ना, आबा," ती म्हणाली.

त्याच दुपारी तिने कळवलं आणि शोध मागे घेतला. वरिष्ठांचं उत्तर आलं, परिषदेला तू येऊ नकोस. ती जेवली नाही.

पुढच्या आठवड्यात मी आबांबरोबर पालीला गेलो. चहाच्या टपरीवर टपरीवाल्या बाबल्याने नेहमीसारखं छेडलं, "काय भिवाकाका, मंगळावर पाऊस कसा काय?"

आबांनी कप खाली ठेवला. "पोरगी बरोबर होती," ते म्हणाले. "माती मी जाळून दिली."

बाबल्याला काही कळलं नाही. तो हसला. आबाही हसायला गेले, पण त्यांना जमलं नाही.