बाबांच्या गाडीचा पुनर्जन्म

बाबांच्या तरुणपणी दोन दारांची, जमिनीला टेकलेली, कानठळ्या बसवणारी एक गाडी निघायची. कंपनीने ती बंद केली, तेव्हापासून बाबा आणि त्यांचे मित्र दर रविवारी आमच्या गॅरेजमधल्या जुन्या गाडीभोवती जमून हळहळतात.

मग कंपनीने जाहीर केलं की ती गाडी परत येणार, आणि या भक्तांचं म्हणणं ऐकायला एक इंजिनिअर चक्क आमच्या घरी आला.

"सीट अशीच खाली हवी," बाबा आत बसून म्हणाले.

"आणि आवाज अस्साच," बाबांचे मित्र टकलूकाका ओरडले, कारण इंजिन चालू होतं आणि कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

मग बाबा उतरायला लागले. टकलूकाकांनी हात ओढला, दुसऱ्या काकांनी खांदा धरला, मी पाठीमागून रेटा दिला. इंजिनिअर नुसता बघत होता.

वर्षभराने शोरूममध्ये पडदा सरकला. नाव तेच होतं. गाडी मात्र उंच, चार दारांची आणि मांजरासारखी गप्प.

"विश्वासघात आहे हा," बाबा म्हणाले.

टकलूकाका हळहळले. "कुणी ऐकलंच नाही रे आपलं."

"ऐकलं नसेल काका, पण बघितलं नीट," मी म्हणाले.

बाबांनी माझ्यावर डोळे वटारले, तावातावाने गाडीत जाऊन बसले, मनसोक्त नावं ठेवली आणि कुणाचाही हात न धरता खाली उतरले. क्षणभर तिथेच थबकले. मग सेल्समनला बाजूला घेऊन, मित्रांना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, "लाल रंगात मिळेल का?"