सगुणाबाईच्या रेघा

माझ्या अंगावरच्या रेघा तुम्ही काचेच्या तुकड्याने खरवडून काढायला लावल्यात. नाव घेत नाही, ज्याचं त्याला कळेल. सांगताना तुमचा आवाज जरासुद्धा अडखळला नाही, याचाच मला जास्त राग आहे.

मी एक काठी आहे, ऐनाच्या लाकडाची, आठ फुटी. आधी एका बैलगाडीत होते. गाडी मोडली तेव्हा दयारामने मला उचललं, खिळे उपटले, अंगावर फूट आणि इंच कोरले आणि खाडीच्या बांधावर, उघाडीच्या दगडी भिंतीला तारेने आवळून बांधलं. उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला खाडीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम.

साल साठ. दयाराम अकरावीत होता. त्याच्या हायस्कुलात ठरलं होतं की शेवटच्या वर्षाच्या मुलांनी गावाच्या उपयोगाचा एक उपक्रम पुरा करून दाखवायचा. पहिला येईल तो अलिबागच्या प्रदर्शनात जायचा, आणि तिथे बांधांच्या खात्याचे साहेब येणार होते.

आमचा बांध खचत चालला होता. गावाने दोनदा अर्ज केले. खात्याने विचारलं, पाणी किती चढतं? गावाने कळवलं, खूप चढतं. आता 'खूप' म्हणजे काही आकडा नव्हे. तो आकडा आपण आणायचा आणि पुढच्या पावसाआधी बांध दीड फूट उंच करून घ्यायचा, हे दयारामने मनाशी पक्कं केलं.

पण खाडी शाळेची वेळ पाळत नाही. पुनवेला आणि अवसेला उधाण येतं, आणि आमच्याकडे उधाणाची भरती चढते ती भर दुपारी बाराच्या सुमाराला. तेव्हा दयाराम पाच मैलांवर वर्गात. मग त्याची आई सगुणाबाई येऊ लागली. तिला अक्षर येत नव्हतं, आकडा येत नव्हता. हातातली लावणी टाकून ती चिखलाच्या पायांनी माझ्याशेजारी येऊन बसायची. पाणी चढायचं थांबलं की वाकून विळ्याने बरोबर पाण्याच्या कडेला रेघ मारायची. संध्याकाळी दयाराम त्या ताज्या रेघेवरून आकडा वहीत उतरवी.

शेजारणी तिला हसायच्या. म्हणायच्या, "सगुणाबाय, खाडीला साळंत घातलीस काय?" ती म्हणायची, "घातली. पोरापेक्षा येळेवर येते."

एकही उधाण तिने चुकवलं नाही. श्रावणातल्या अवसेला पाणी बांधाच्या माथ्याखाली फक्त चार बोटं राहिलं होतं. तेव्हाही ती तिथेच बसली होती. तरीही रेघ सरळ आली. मला त्या रेघेचा फार अभिमान होता.

माघात वही पुरी झाली. शेवटच्या रकान्यात दयारामने प्रत्येक ओळीला लिहिलं होतं : रेघ मारली आईने.

हेडमास्तर बांधावर आले, माझ्यासमोरच त्यांनी वही पाहिली आणि खूश झाले. मग त्या रकान्यावर बोट ठेवलं. उपक्रम विद्यार्थ्याचा हवा, म्हणाले. निरक्षर बाईच्या रेघांवर कोण विश्वास ठेवील? हा रकाना काढलास तर पहिला नंबर तुझाच. आणि ही काठी असली ओरखडलेली नेऊ नकोस, साफ करून रंगव.

दयाराम रात्रभर झोपला नाही म्हणे. बांधासाठी, केवळ बांधासाठी, त्याने ऐकलं. नवी वही लिहिली. माझ्या अंगावरून काच फिरली, वर पांढरा रंग आणि लाल पट्टे चढले. शोभेची झाले मी!

अलिबागला ते साहेब माझ्यापाशी बराच वेळ थांबले. वही त्यांनी पान न् पान वाचली. इतकं लक्ष आजवर कुणी दिलं नव्हतं. माझी आशा वाढली.

"या नोंदी कोणी घेतल्या?" त्यांनी विचारलं.

"मी, साहेब."

"उधाणाची भरती दुपारी बाराला. तेव्हा तुझी शाळा नव्हती?"

 दयाराम खाली बघत म्हणाला, "आई घ्यायची."

"मग तिचं नाव कुठे आहे?"

"काढलं."

साहेबांनी वही मिटली. आवाज चढवला नाही त्यांनी. "आकडे मला हवे होते रे. पण आता यातलं खरं किती आणि बनवलेलं किती, हे मी कशावरून ठरवू?"

मी ओरडून सांगितलं असतं. पण सांगणार कशाने? अंगावर नुसते लाल पट्टे होते. सोबत आलेले हेडमास्तर खिडकीबाहेर पाहत राहिले. पहिलं बक्षीस पुठ्ठ्याच्या धरणाला मिळालं. त्यात निळ्या शाईचं पाणी होतं.

बांध उंच झाला नाही. पुढच्याच आषाढात उधाण त्याच्यावरून आलं, लावणी बुडाली, शेतं खारली. आता तीन वर्षं तरी तिथे भात पिकणार नाही. मी पुन्हा उघाडीशी बांधलेली आहे. माझा रंग पोपडे धरून उडतोय. शाळेत शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सगळ्यांना माझं एकच मागणं आहे : उत्तर कुणी आणलं, ते उत्तराशेजारी लिहा. ते नाव तुम्हाला कितीही लहान वाटो.

दयाराम पास होऊन मुंबईला नोकरीला लागला. दिवाळीत घरी आला तेव्हा फुटक्या बांधावर येऊन बसला. उघाडीची राखण करणारा म्हातारा भागोजी जवळच जाळं विणत होता. अलिबागेत काय झालं ते दयारामने त्याला पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

भागोजीचे हात थांबले. "अरे, ती रेघ मारायची तवा दर टायमाला मी हितं धा पावलांवर बसलेला असायचो," तो म्हणाला. "मला का न्हाय नेलास अलिबागला?"