मास्तरांचं ‘आपण’

शिवणाच्या कारखान्यातले मास्तर सगळ्यांना ‘ए’ आणि ‘तू’ म्हणत. आजवर दोनदाच त्यांच्या तोंडून ‘आपण’ आलं होतं. काजं करणाऱ्या मावशींना आणि इस्त्रीवाल्या काकांना ते म्हणाले होते, “आपण उद्यापासून येऊ नका.”

म्हणून त्या सकाळी मास्तर जवळ येऊन “ताई, आपण जरा आत येता का?” म्हणाले, तेव्हा गुंड्या लावणाऱ्या ताईच्या बोटात सुई घुसली. घरात कमावणारी ती एकटीच होती.

“गेलीस गं बाई कामातून,” शेजारची कुजबुजली. “गुंड्या उलट्या बाजूला तर नाही ना लावल्यास?”

ताई बोट पदराला पुसत आत गेली. “मास्तर, माझं काही चुकलं का?”

“छे! निळ्या गुंड्या संपल्यात का, एवढंच विचारायचं होतं.”

“मग ‘आपण’ का म्हणालात?”

मास्तर ओशाळले. “नात काल इथं आली होती. पहिलीत आहे. घरी गेल्यावर म्हणते, ‘आजोबा, मोठ्या माणसांना अहो-जाहो करायचं असतं. तुम्हाला कुणी शिकवलं नाही का?’ आता आजपासून सगळ्यांना ‘आपण’.”

ताई हसली आणि जागेवर येऊन बसली. पण दोरा काही केल्या सुईत जाईना. इतके दिवस ‘ए, तू’ ऐकलं की जीव भांड्यात पडायचा. आता ‘आपण’ रोजचंच झालं. त्यातलं घरी बसवणारं कुठलं, ते ओळखायचं कसं?