अर्पिताचे सहा आकडे

माझ्यातून नेहमी दुसरेच बोलतात. आज मी स्वतः बोलतोय. मी शहागडच्या चांगुणाबाईंचा बटणांचा फोन.

नऊ वर्षांपूर्वी त्यांनी मला अंबडच्या बाजारातून आणलं. तेव्हा घरात एवढा मीच फोन, म्हणून साऱ्यांच्या आधारला माझाच नंबर लागला. नात अर्पिता अंबडला कॉलेजात गेली, तरी नंबर तोच राहिला. शिष्यवृत्तीचा फॉर्म उघडायचा तर ओटीपीचे सहा आकडे यायचे माझ्यावर, आणि मी असायचो चांगुणाबाईंच्या कमरेच्या पिशवीत.

यंदा तिचा फॉर्म कॉलेजने तपासून परत पाठवला. उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो पुसट होता. तिला हे कळलं शेवटच्या दिवशी, दुपारी. माझ्यावर आकडे उतरले आणि पाठोपाठ अनोळखी नंबरवरून फोन आला.

"आज्जे, मी अर्पिता. आत्ता सहा आकडे आले ना? सांग बरं जल्दी."

"नंबर तर दुसराच दिसून राह्यला."

"नेटकॅफेवाल्या राधेश्यामभाऊंचा हाय. माझा फोन दुरुस्तीला टाकलाय."

"मंग राधेश्यामलाच इचार आकडे."

"आज्जे, आज आखरी तारीख हाय! फॉर्म गेला न्हाई तर वर्षाची फी कुठून आणू? कॉलेज सोडून घरी बसावं लागन."

"आवाज वळखला गं. पण बँकेतल्या सायबानं बजावलंय, पोटची लेक असली तरी फोनवर आकडे सांगायचे न्हाईत. तू तिथंच थांब, मीच घिऊन येते."

आकडे दहा मिनिटांत बाद होतात, हे मला माहीत होतं. पण सांगणार कसं? एसटीत त्या मला मुठीत घट्ट धरून बसल्या. वाटूरला जाणारी एक बाई शेजारी होती. तिनं "किती वाजले?" विचारलं, तरी चांगुणाबाईंनी मला दाखवलं नाही.

कॅफेत राधेश्याम हसला. "आज्जे, ते आकडे कव्हाच मेले!"

"मंग नवे मागव. मी कुठं पळून चालले?"

नवे आकडे आले. चांगुणाबाईंनी मला नातीच्या हातात दिलं. "घे, वाच. पर मनात."

दाखल्याचा नवा, स्वच्छ फोटो चढला. साडेचारला फॉर्म पुन्हा कॉलेजकडे गेला. तिथून तो समाजकल्याणकडे गेला आणि दीड महिन्यानं मंजुरीचा मेसेज माझ्यावर आला. आधारला जोडलेल्या तिच्या खात्यात पहिला हप्ता पडला आणि तिनं त्यातून फी भरली.

त्याच आठवड्यात चांगुणाबाईंनी तिला आधार केंद्रात नेऊन तिचा स्वतःचा नंबर लावला. मला वाईट वाटलं नाही. शिकणाऱ्या पोरीचे आकडे तिच्याच हातात हवेत. तुमच्या घरीही साऱ्यांना एकच नंबर असेल, तर फॉर्म सुरू होण्याआधी बदलून घ्या. आणि फॉर्म भरून झाला म्हणजे सुटलो असं समजू नका, तो परत तर आला नाही ना, हे दर आठवड्याला उघडून बघा.

माझी बटणं झिजलीत, आवाज मात्र खणखणीत आहे. अर्पिताचा फोन येतो तो आता नुसता बोलायला. मी वाजलो की चांगुणाबाई हातातलं काम टाकून उठतात.