शेपटीला दोर नाही

अकोल्याच्या जठारपेठेतल्या घरात भर मे महिन्यात कूलर धडधडत होता, सुभद्राबाई खाली बसून शेंगा निवडत होत्या आणि त्यांची लेक प्रियदर्शनी व्हिडिओ कॉलवर देवमाशाचं पिल्लू बघत होती. पिल्लू कोकणातल्या वाळूत रुतलेलं. तिकडून मोबाइल धरला होता तिच्या धाकट्या भावानं, संघपालनं. तो तिथे वनरक्षक. ती जनावरांची डॉक्टर. त्याच किनाऱ्यावर वाळूत आलेली कासवं न् डॉल्फिन परत पाठवण्यात तिची चांगली तीन वर्षं गेली होती. मागच्या वर्षी ती बदलून अकोल्याला, गुरांच्या दवाखान्यात आली.

"जयभीम ताई. पाह्य, जितं हाय अजून."

"काल समुद्रात सोडलं म्हनत होता ना तू?"

"सोडलं होतं. सकाळी परत आलं."

"कसं नेलं होतं?"

 संघपालनं कॅमेरा शेपटीकडे नेला. दोराचे वळ उठले होते, कातडी सोलून निघाली होती. शेपटीला बांधून उलटं ओढलं की त्याच्या नाकात पाणी जातं, कणा निखळतो. प्रियदर्शनीचं डोकं तापलं.

संघपालच्या वनखात्यातल्या साहेबांकडे आज दोन उपाय होते. एक, पुन्हा तोच दोर बांधून आणखी लांब नेऊन सोडायचं, म्हणजे मेलं तरी नजरेआड मरेल. दुसरा, शेजारच्या रिसॉर्टवाल्याच्या पोहण्याच्या टाकीत ठेवायचं. त्या भल्या माणसानं 'पुनर्वसन केंद्र' असा बोर्डसुद्धा रंगवून घेतला होता. दुधावरचं पिल्लू ते. आईवाचून कुठल्याही पावडरवर जगलं नसतं. टाकीत ते तिकीट लावून मेलं असतं, एवढाच फरक.

तिसरा उपाय प्रियदर्शनीच्या मनात होता, आणि तो इंजेक्शनचा होता. तो तिला मुळीच नको होता. पण तडफडत ठेवण्यापेक्षा बरा, हे तिला कळत होतं.

"त्याची माय दिसली का कोठी?"

"मच्छीमार म्हनतात, खडकापल्याड सकाळपासून एक मोठी फवारे मारून राहिली. साहेब म्हनते, अफवा हाय."

तिनं पिल्लाचा डोळा बघितला, श्वास ऐकला. जोर होता अजून. मग इंजेक्शनचा विचार तिनं बाजूला सारला.

"भरतीपर्यंत थांबाचं. कूलरच्या वाळ्याच्या ताटीसारखं ओलं ठेव त्याले, पन डोक्यावरच्या नाकात थेंब जाऊ देऊ नको. दोन्ही बाजूच्या परांखाली खड्डे खांदा, भार हलका होईन. पानी आलं का पोटाखाली ताडपत्री घाला, दोन होड्यांच्या मधात धरा, तोंड समुद्राकडं. त्याच्या मायपाशी नेऊन सोडा. शेपटीले दोर नाही."

तेवढ्यात साहेबांनी मोबाइल घेतला. "मॅडम, तुम्ही आता या खात्यात नाही. अकोल्यात बसून समुद्राचं काय सांगता?"

किनाऱ्यावर होती तेव्हा ती साहेब लोकांशी जपून, पुस्तकी बोलायची. आज ते राहून गेलं.

"तुमी साहेब लोकं मुंबईत बसून आमच्या कपाशीच्या बोंडअळीचं सांगता, तवा आमी ऐकून घेतो ना साहेब? आज तुमी ऐका."

पडद्यावर नुसतं आभाळ दिसलं. मग साहेबांचा आवाज आला, "बांधा रे दोर." संघपालनं मोबाइल परत घेऊन खिशात उभा खोचला असावा, कारण आता दोर घेऊन येणारा माणूस समोर दिसत होता.

सुभद्राबाईंचे हात थांबले. "पोराची नोकरी जाईन का वं?"

जाऊ शकत होती. आणि भांडायला लावणारी ही बहीण इथे कूलरसमोर सुखरूप बसणार होती. प्रियदर्शनीला भीती वाटली, स्वतःचा रागही आला.

"संघपाल, मी म्हनते म्हनून करू नको. तुले पटत असन तरच."

 चित्र हललं आणि एकदम खाली गेलं. पठ्ठ्यानं शेपटीवर आडवा हात टाकून वाळूत फतकल मारली होती.

"दोर बांधाचा तं माह्या अंगावरून बांधा."

"उठ. नाहीतर बदली करीन. सरळ विदर्भात टाकीन, मेळघाटात."



"साहेब, मी अकोल्याकडच्या बार्शीटाकळीचा हाय. मेळघाट मले घरापासून जवळ पडते."

आधी मच्छीमार हसले, मग दोरवाला हसला आणि त्यानं दोर खाली टाकला. सुभद्राबाईंनी मोबाइलपाशी तोंड नेलं. "टाका म्हना लवकर मेळघाटात. चौदा एप्रिललेही घरी आलं नाही पोरगं."

एकट्या साहेबाला आता कोणाकडूनच दोर बांधून घेता येईना. भरती आली. खड्डे भरले, ताडपत्री पोटाखाली गेली, दोन्ही होड्या पिल्लाला मधात धरून खडकापलीकडे निघाल्या. संघपाल कमरेएवढ्या पाण्यात मोबाइल उंच धरून उभा होता. चित्र तुटत होतं, तरी प्रियदर्शनीला फवारा दिसला. त्याच्या शेजारी, जरा वेळानं, छोटा दुसरा. ती ओक्साबोक्शी रडली आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

साहेब शब्दाला पक्के निघाले. पावसाळ्याआधी संघपाल मेळघाटाचा हुकूम घेऊन अकोला स्टेशनवर उतरला. प्रियदर्शनी आईला घेऊन आली होती. बॅग घ्यायला ती पुढे झाली, पण सुभद्राबाईंनी आधी लेकाला अडवलं.

"टीव्हीवाल्यायनं बातमीत काय दाखवलं ते सोड. तू सांग. त्याले त्याची माय भेटली ना?"

"भेटली वं माय."

तेव्हा कुठे त्यांनी त्याच्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली.