आधी गोळी, मग मी

मी एक जुनी चकती आहे. जुनी म्हणजे किती, तर एकवीस दिवसांची! हसू नका, मित्रांनो. आमच्यात एवढ्या वयाला काठी टेकायची वेळ येते.

उज्जैनच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझा जन्म झाला. अपूर्वा नावाच्या मुलीने कोमट पाण्यात जिलेटिन विरघळवलं, त्यात वीज वाहून नेणारं काळं द्रव्य घोटलं आणि मला साच्यात ओतलं. रुपयाएवढी, काळीकुट्ट, लिबलिबीत अशी मी बाहेर आले. शास्त्रातले लोक मला हायड्रोजेल म्हणतात. अंगात पाणी धरून ठेवणारी जेलीच ती.

माझं काम काय, ते सांगते. झटका आला की हृदयाचा एक तुकडा मरतो आणि तिथे वण उरतो. हृदयाचे ठोके चालवणारा विजेचा इशारा त्या वणापाशी अडतो. तिथे मला चिकटवायचं आणि मी तो इशारा पलीकडे पोचवायचा, ही अपूर्वाची आस.

आस का, तेही ऐका. ती काम करताना सारखी बडबडते, म्हणून तिच्या घरचं सगळं मला ठाऊक आहे. तिचे बाबा प्रभाकरराव बँकेतून निवृत्त होऊन उज्जैनमध्येच, नानाखेडा भागात राहतात. गेल्या हिवाळ्यात सकाळी त्यांच्या छातीत दुखू लागलं. त्यांनी ठरवलं, कचोरीचा गॅस आहे. तीन तास ओवा चावत बसले. ओवा! हृदय मरतंय आणि हा माणूस ओवा चावतोय! जीव वाचला, पण हृदयावर वण राहिला तो राहिलाच.

पुढे तर कहरच. "आमची अपू दिल का पंक्चर जोडणार आहे," असं ते पार देवास गेटच्या बाजारापर्यंत सांगत सुटले. पंक्चर! मी नुसती चरफडले. अहो, मी अजून उंदराच्या हृदयालासुद्धा लागले नव्हते. माझ्या आधीच्या चाळीस बहिणी कुठे चुरगळल्या, कुठे ओल्या जागी चिकटल्याच नाहीत. न केलेल्या कामाची वाहवा ऐकून घेण्यासारखं दुसरं दुःख नाही.

एका रविवारी बाबांच्या हट्टापायी अपूर्वाने मला काचेच्या डबीत घालून घरी नेलं. शेजारचे विलासकाकाही बघायला आले. तिने झाकण काढून मला दोन तारांमध्ये ठेवलं, बॅटरी जोडली आणि इवलासा दिवा लागला.

"क्या बात है!" प्रभाकरराव ओरडले. "बघितलंस विलास? मी तर केव्हाच म्हटलं, आता कशाला त्या गोळ्या!"

अपूर्वाचा हात थांबला. "म्हणजे? बाबा, तुम्ही गोळ्या घेत नाही?"

प्रभाकरराव पंख्याकडे बघू लागले. त्यांची बायको विजया आत गेली आणि जुन्या चष्म्याचं घर घेऊन आली. त्यात भरलेली पाकिटं! दोन महिन्यांच्या गोळ्या जशाच्या तशा.

"अरे, मला झालं काय? एकदम फिट तर आहे," प्रभाकरराव म्हणाले. "आणि तुझी चकती येतेच आहे ना."

"कधी येते आहे?" अपूर्वाचा आवाज फाटला. "आधी उंदीर, मग मोठी जनावरं, मग कुठे माणसं. सगळं नीट झालं तरी पंधरा वर्षं, बाबा! मी कोणासाठी बनवते आहे ही? तुमच्या फोटोला लावू?"

विलासकाका चपला घालून निघून गेले. अपूर्वा आतल्या खोलीत रडत बसली, विजया तिच्या मागे गेली. माझ्यावर झाकण घालायचं कोणाला सुचलंच नाही. वर पंखा गरगरत होता. माझ्या अंगातलं पाणी उडत गेलं, कडा वळल्या. प्रभाकरराव समोरच बसून बघत होते. दिवा मंद झाला. आणखी मंद झाला. मग विझला.

"अपू, इकडे ये गं. हिला काय झालं?"

ती दारात आली. "सुकली. झाकायला विसरले. हिला रोज सांभाळावं लागतं, बाबा. आज राहू दे, उद्या करू, असं चालत नाही."

प्रभाकररावांनी चष्म्याचं घर पुढे ओढलं. मग त्यांनी पाकीट फोडलं आणि म्हणाले, "विजया, पाणी दे."

तेव्हापासून मी त्यांच्या गोळ्यांच्या डबीवर पडून आहे. कडक, वाकडी, विजेच्या कामातून कायमची उठलेली. हृदयासाठी जन्मले आणि झाकण झाले, याचा राग अजून जात नाही. मला उचलल्याशिवाय डबी उघडत नाही, एवढीच काय ती माझी सत्ता. अपूर्वाच्या साच्यात आता माझी सत्तेचाळिसावी बहीण आहे.

मित्रांनो, कोणाच्या छातीत दुखलं तर ओवा शोधू नका, दवाखाना गाठा. घरात कोणाला गोळी असेल तर रोज विचारा, घेतली का? आमच्या भरवशावर बसू नका. आम्हाला उशीर आहे.

प्रभाकररावांना ते कळलंय. रोज सकाळी ते मला उचलतात, गोळी गिळतात आणि मला परत ठेवताना म्हणतात, "तुझ्या बहिणींना सांग, आरामात या. मी थांबतो."