काउंटरातली पाच मशीनं

मेकॅनिक ड्वेनने बारमधल्या जुगाराच्या शेवटच्या मशीनचं दार लावलं आणि किल्ली मिरेनच्या हातात द्यायची सोडून काउंटरवर ठेवली. त्यावरूनच तिला काय ते कळलं.

"मेलेल्यांची नाडी बघायला मी किती दिवस येऊ?" तो हात पुसत म्हणाला. "सातातली तीन तर बंदच आहेत. उरलेल्या चारांचे सुटे भाग आता कुणी बनवत नाही. मागच्या वेळी भंगारातून उचकून आणले होते. आता भंगारही संपलं."

"बाप्तिस्त असता तर काय केलं असतं रे?"

"आधी मला शिव्या घातल्या असत्या, मग एक पेला पाजला असता, मग नवी मशीनं घेतली असती."

मिरेनने शिव्या वगळल्या आणि पेला भरला.

सोडा वेल्स हे अमेरिकेतल्या नेवाडातलं एका रस्त्याचं गाव. मिरेन ओलाबेच्या वडिलांनी तिथे स्पेनकडून आलेल्या बास्क मेंढपाळांसाठी खानावळ काढली होती. मेंढपाळ गेले, वरच्या खोल्या रिकाम्या झाल्या, खाली बार तेवढा उरला. तो चौतीस वर्षं बहीणभावांनी चालवला. बाप्तिस्त पुढे, मिरेन मागे स्वयंपाकघरात. दोघांनीही लग्न केलं नाही. ठरवून नाही, राहून गेलं. बाप्तिस्तला बोलायला लागायचं आणि मिरेनला ते भिंतीपलीकडून ऐकायला लागायचं. ऑक्टोबरात तो गेला आणि मिरेन एप्रन न काढताच पुढे येऊन उभी राहिली. गिऱ्हाइकं तुटली नाहीत. पण जी माणसं त्याच्याशी बोलायला यायची, ती आता तिच्या डोक्यावरून टीव्हीकडे बघत बसायची. त्यांच्याशी काय बोलावं हे तिला सुचायचं नाही. चौतीस वर्षं ती फक्त उत्तरं ऐकत आली होती.

मशीनं हे सगळं त्याचं खातं. तिने आयुष्यात कधी एक नाणं आत टाकलं नव्हतं. पण लायसन्स होतं, आणि मशीनं नसतील तर एवढ्याशा गावात नुसत्या बिअरवर आणि घेवड्याच्या सूपवर दिवे पेटते राहत नाहीत, हेही तिला ठाऊक होतं. मग तिने गिऱ्हाइकांनाच विचारायचं ठरवलं.

"जे जिंकू देईल ते घे," हार्लन प्रुइट म्हणाला. खाणीतून निवृत्त होऊन त्याला नऊ वर्षं झाली होती.

"तसलं बनवतात का?"

"बनवत असते तर मी इथे तुझं सूप पीत बसलो असतो का, बाई?"

मग ती लुएला स्टोक्सकडे गेली. लुएलाने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती. सोमवार सोडून रोज सकाळी दहाला ती यायची, खिडकीजवळच्या मशीनवर सगळ्यांकडे पाठ करून बसायची आणि दोनला उठून जायची. कॉफी काळी, जेवण नको. अकरा वर्षं हाच नेम. आणि अकरा वर्षांत मिरेनला तिच्याविषयी जे कळलं होतं ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं, वर पत्त्यालाही जागा उरली असती.

"लुएला, नवी मशीनं घ्यायचीत. तुला कसलं आवडेल?"

"हेच."

"हे आता मिळत नाही."

"मग विचारतेस कशाला?" लुएला म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मिरेनने दारावर बंदची पाटी लावली आणि साडेतीन तास गाडी हाकत ती रीनोला गेली. विक्रेत्याचं दुकान विमानतळामागच्या गोदामांच्या रांगेत होतं. आत मात्र लग्नघरासारखी रोषणाई. शे-दीडशे मशीनं एकमेकांशी भांडत गात होती. रॉमेल नावाचा चाळिशीचा फिलिपिनो विक्रेता तिला घ्यायला आला. शर्ट कडक इस्त्रीचा, बोलणं मऊ.

"तुमच्याकडे वाटसरू जास्त येतात की गावातले?" त्याने विचारलं.

"गावातलेच. तेच ते."

"मग ही मोठी, बक्षिसाचे आकडे फुगत जाणारी नकोत. ही गर्दीची मशीनं. दोन तास काही देत नाहीत, मग एकदम देतात. वाटसरूला चालतं, रोजचा माणूस रुसतो. तुम्हाला थोडंथोडं पण सारखं देणारी हवीत. माणूस हरतोच, पण सावकाश हरतो. त्याला वेळ मिळतो."

"कशाला वेळ?"

"बसायला." त्याने एका खुर्चीकडे हात केला. "खरं सांगू का? चांगलं मशीन म्हणजे ज्याच्यावरून उठावंसं वाटत नाही ते. तुम्ही स्वतः बसून बघा. त्याशिवाय घेऊ नका."

त्याने तिला एका खोल, उबदार खुर्चीत बसवलं. खुर्चीची पाठ कानांपर्यंत येत होती. पडद्यावर काळं पाणी, पाण्यात कागदी कंदील आणि मासे. पैसे खोटेच घातलेले होते. बटण कसं दाबायचं ते दाखवून रॉमेल फोन घ्यायला निघून गेला.

पहिल्यांदा मिरेनला हसू आलं. मोठ्या बाईने पोरांच्या खेळण्याशी खेळावं तसं वाटलं. मग कंदील एका ओळीत आले, मासे उसळले, आणि तिने पुन्हा दाबलं. मग पुन्हा. कधी दहा यायचे, कधी चार, कधी काहीच नाही, आणि काहीच नाही आलं की हात आपोआपच पुढे जायचा. काही ठरवावं लागत नव्हतं. काही आठवावं लागत नव्हतं.

"मिस ओलाबे," कुणीतरी खांद्याजवळ वाकून म्हणालं. "तुम्ही जेवलात का काही? अडीच वाजून गेले."

ती बाराच्या आधी बसली होती. तिला वाटलं होतं, वीस मिनिटं झाली असतील.

तिने हात मांडीवर ओढून घेतला. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिला इतका वेळ बाप्तिस्तची आठवण आली नव्हती. एकदाही नाही. रोज सकाळी उठल्यापासून छातीत जे दगडासारखं बसलेलं असायचं ते कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं, आणि आता रॉमेलच्या एका वाक्यासरशी ते पुन्हा जागेवर आलं. तिला भीती वाटली. पण भीतीपेक्षा जास्त तिला पुन्हा बटण दाबावंसं वाटलं. तेव्हा कुठे तिला लुएलाची पाठ समजली. अकरा वर्षं ती त्या पाठीमागे कॉफी ठेवून परत फिरत होती.

"हेच घेतात बहुतेक जण," रॉमेल म्हणाला. "माझी आईही हेच खेळते. आठवड्यातले पाच दिवस. मी फोन केला की मागे हाच आवाज."

"तुम्ही तिला काही म्हणत नाही?"

"काय म्हणू? मी विकतो." तो हसला, पण ते हसू लगेच विझलं. "वडील गेल्यावर सुरू झालं. ती म्हणते, इथे मला कुणी 'कशी आहेस' असं विचारत नाही."

मिरेन उठली. पाय आखडले होते. भिंतीकडेला काउंटरच्या नमुन्यात बसवलेली काही मशीनं होती. त्यांचे पडदे आडवे, काउंटरात रुतवलेले. खेळणाऱ्याने मान वर केली की समोर पेले धुणारा माणूस दिसणार.

"ही कशी आहेत?"

"चांगली आहेत. पण तुमच्या भल्याचं सांगतो, यांवर लोक बोलत बसतात. खेळणं कमी होतं. तुम्ही चार उभी घ्या, खुर्च्यांसकट, आणि काउंटरात हवं तर एखादं."

"पाचही काउंटरातलीच द्या," मिरेन म्हणाली. "मला माणसांची तोंडं दिसली पाहिजेत."

रॉमेलने कागद काढले. यादी सरकारमान्य, मशीनं सरकारमान्य, सह्या बारा ठिकाणी. परत येताना वाटेत अंधारून आलं आणि ती सगळा रस्ता रेडिओ न लावता आली.

मार्चच्या शेवटी मंजुरी आली आणि मशीनंही आली. ड्वेनने जुनी सात गाडीत चढवली, सुताराने काउंटर कापला. पहिल्याच आठवड्यात मिरेनला वाटलं, आपण चूक केली नाही. हार्लन खेळता खेळता बोलायला लागला. हरला की तिच्यावर राग काढायचा आणि ती पेला पुसत ऐकायची.

"हे मशीन तुझ्यासारखंच आहे, मिरेन. देतं काही नाही, नुसतं बघतं."

"सूप देते की."

"त्याचेही पैसे घेतेस."

असं तिला बोलता येतं हे तिला स्वतःलाच नवीन होतं. भिंतीपलीकडून इतकी वर्षं ऐकलेलं कुठेतरी मुरलं असावं.

लुएला आली ती दहालाच. दारात थांबली. खिडकीजवळच्या गालिच्यावर जुन्या मशीनच्या जागी चार खोल खुणा आणि न विटलेला लाल चौकोन राहिला होता. तिने तो पाहिला, पर्स छातीशी धरली आणि काउंटरच्या टोकाच्या स्टुलावर येऊन बसली. मिरेनने कॉफी ठेवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला लुएलाचा चेहरा समोरून, उजेडात दिसला. डोळे फिकट निळे होते आणि पापण्यांना केस जवळजवळ नव्हतेच.

"आज वारा फार आहे," मिरेन म्हणाली.

"हं."

"तुझ्या घराकडे तर अजून जास्त लागत असेल. एकटीच असतेस ना?"

लुएला दहा मिनिटं खेळली. मग बटणावरचा हात थांबला.

"तू माझ्याकडे बघतेस," ती म्हणाली. रागाने नाही. जणू नळ गळतो आहे असं सांगावं तसं. कॉफी अर्धी टाकून ती उठली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दहा वाजले की मिरेनची नजर दाराकडे जायची. दोन आठवड्यांनी ड्वेनने सांगितलं, ती आता हायवेवरच्या पेट्रोल पंपावर खेळते, मागच्या बाजूला, शौचालयाकडे जाणाऱ्या बोळात.

"तिथली मशीनं बघवत नाहीत," तो म्हणाला. "खुर्चीला फडकं गुंडाळलंय."

सोमवारी बार बंद असतो. त्या सोमवारी मिरेन पंपावर गेली. बोळात तळणाचा वास होता. ट्रकवाले येत-जात होते आणि लुएला त्यांच्याकडे पाठ करून बसली होती.

"लुएला."

"उभी राहू नकोस तशी. सावली पडते पडद्यावर."

मिरेन शेजारच्या मशीनवर बसली.

"मी खिडकीजवळ एक उभं मशीन आणून ठेवते," ती म्हणाली. "हवं तसं. कुणी तुझ्याशी बोलणार नाही."

"कशाला? माझ्या पैशावाचून तुझं काही अडत नाही."

"पैशासाठी नाही म्हणत."

"मग?"

"दहा वाजता कुणीतरी यायचं. ते बरं वाटायचं."

लुएलाने बटण दाबलं. पडद्यावरची चाकं फिरली, थांबली.

"तुझ्याकडे आता मी नाही येणार," ती म्हणाली. "तू एकदा विचारलंस की तू पुन्हा विचारणार. आता विचारलं नाहीस तरी ते तुझ्या तोंडावर दिसेल. तू वाईट नाहीस, मिरेन. पण मी तिथे यायचे ती कुणी विचारत नव्हतं म्हणूनच."

मिरेनने पर्समधून एक नोट काढून आपल्या मशीनमध्ये सरकवली, तिथे बसायला काही कारण हवं म्हणून. तासभर दोघी शेजारी बसून खेळल्या. निघताना मिरेन "येते" म्हणाली.

पुढच्या सोमवारी ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही. घरी सोमवार फार लांबायचा. तिने मनाशी नियम केला होता: एकच नोट आणि एकच तास. घड्याळ ती मशीनवर समोरच काढून ठेवायची. लुएला तिला ये म्हणत नव्हती आणि जा म्हणत नव्हती. फडकं गुंडाळलेली खुर्ची मात्र ती आता स्वतः घ्यायची आणि धड असलेली मिरेनसाठी सोडायची.

मे महिन्यातल्या एका सोमवारी लुएलाने पडद्यावरून नजर न काढता विचारलं, "तुझा भाऊ कसा गेला गं?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून विचारायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. मिरेनही पडद्याकडेच बघत राहिली. तसं बघत सांगणं जमण्यासारखं होतं.

"रीनोच्या हॉस्पिटलात. छातीचं ऑपरेशन होतं, डॉक्टर म्हणाले साधं आहे. तो म्हणाला, तू कशाला येतेस, गुरुवारचं जेवण कोण करणार? मी सूप ढवळत होते तेव्हा फोन आला. मी फोन ठेवला. मग बारा जणांना वाढलं. सूप, सॅलड, मटण, सगळं. कुणाला सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, बाप्तिस्त कसा आहे, तर मी म्हणाले, तो बरा आहे. ते जेवून गेल्यावर मी खाली बसले."

"का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर ते उठले असते. मला एकटीला तिथे राहायचं नव्हतं."

लुएलाने मान हलवली. शेजारून एक ट्रकवाला हात वाळवत गेला. मिरेनची नोट संपली होती. घड्याळात तास व्हायला अजून वीस मिनिटं होती. तिने दुसरी नोट काढली नाही आणि उठलीही नाही. लुएला खेळत राहिली, आणि ती लुएलाची चाकं बघत बसली.